वाळू, हरळी आणि बाउन्स: गोव्यात गोल्फ शिकताना वेज कसा निवडावा

गोल्फ शिकायला लागलो त्या पहिल्या हंगामात माझ्या बॅगेत एकच वेगळा विकत घेतलेला वेज, म्हणजे चेंडू उंच उचलून जवळ टाकायचा क्लब, होता. लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा मागे झुकलेला कोन, 60 अंश; बाउन्स 4 अंश. ‘मोठे खेळाडू हाच वापरतात,’ असे सांगून एका ऑनलाइन विक्रेत्याने तो गळ्यात मारला होता आणि बाउन्स म्हणजे काय हे विचारायचेही तेव्हा मला कळत नव्हते. काणकोणला राजबागेच्या कोर्सवर बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, मारायला गेलो की क्लब वाळूत रुतायचा आणि चेंडू दोन हात पुढे सरकून तिथेच बसायचा. चार-पाच महिने मी स्वतःच्या स्विंगलाच दोष देत राहिलो. शेवटी एका जुन्या कॅडीने, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाने, क्लब हातात घेतला, उलटा करून तळ पाहिला आणि म्हणाला, “बाब, हे पाते वाळूत तरंगणारे नाही, बुडणारे आहे.”

त्याने एका वाक्यात जे सांगितले ते नव्या माणसाला खरेदीच्या आधीच कळावे, म्हणून हे लिहितो आहे.

आधी बाउन्स म्हणजे काय

लहानपणी तळ्यावर किंवा नदीकाठी चपटे दगड फेकून पाण्यावर भाकऱ्या काढल्या असतील, तर बाउन्स तुम्हाला अर्धा कळलेलाच आहे. दगडाची पुढची कड किंचित वर असेल तर तो टप्पे घेत जातो. कड खाली गेली की गुडुप. वेजचेही तसेच आहे. वेजच्या तळाला सोल म्हणतात. शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, सरळ उभा ठेवून क्लब जमिनीवर टेकवला की सोलचा मागचा भाग जमिनीला लागतो आणि पुढची धार जराशी उचललेली राहते. त्या उताराचा जमिनीशी जो कोन होतो तो बाउन्स. ढोबळ हिशेबाने 4 ते 6 अंश म्हणजे कमी, 7 ते 10 मध्यम आणि त्याच्या वर जास्त.

बाउन्स जास्त असेल तर सोल वाळूवर किंवा मातीवर घसरत पुढे जातो. कमी असेल तर धार आत शिरते.

नवख्यांच्या मनात इथे एक भीती घर करून बसते आणि ती मला मुळापासून काढायची आहे. ‘बाउन्स जास्त म्हणजे धार वर, म्हणजे धार चेंडूच्या पोटात बसणार आणि चेंडू सरपटत ग्रीनच्या (होलभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) पार जाणार.’ गोल्फचा चेंडू किमान 42.67 मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे त्याचे पोट जमिनीपासून 21 मिलिमीटरहून थोडे वर येते. क्लबचे तोंड सरळ असताना 6 आणि 12 अंशांच्या वेजमध्ये धारेच्या उंचीत पडणारा फरक काही मिलिमीटरचाच असतो. तेवढ्याने चेंडू पोटात मारला जात नाही. तो मारला जातो शरीर वर उचलल्याने, किंवा मागे जमिनीला लागून उसळल्याने. अपवाद एकच: टणक जमीन आणि क्लबचे तोंड भरपूर उघडलेले, म्हणजे आकाशाकडे वळवलेले. तोंड उघडले की बाउन्स आपोआप वाढतो आणि धार खरोखरच वर जाते. त्याकडे पुढे येतो.

सँड वेज, म्हणजे वाळूसाठीचा वेज, जन्मालाच आला तो बाउन्समुळे. 1932 च्या आसपास जीन सराझेन या अमेरिकी खेळाडूने निब्लिक या जुन्या, जास्त लॉफ्टच्या क्लबच्या तळाला शिसे जोडून मागची बाजू जाड आणि खाली उतरती केली. विमान उडताना त्याचे शेपूट खाली जाते आणि नाक वर येते, हे पाहून ती कल्पना सुचली, असे तो सांगत असे. 1932 मध्येच त्याने ब्रिटिश ओपन आणि यूएस ओपन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. त्याआधी बंकरमध्ये धारदार क्लबने वाळू कापत बसावे लागे. आज आपण दुकानातून जो 56 अंशांचा वेज उचलतो तो त्या जोडकामाचाच वंशज आहे.

पहिली पायरी: आपला पिचिंग वेज किती अंशांचा ते पाहा

सेटबरोबर आलेल्या पिचिंग वेजवर, म्हणजे सगळ्यात कमी लॉफ्टच्या वेजवर, नुसते ‘पी’ लिहिलेले असते. जुन्या सेटमध्ये तो 47-48 अंशांचा असायचा. आता नवख्यांसाठी बनवलेल्या सेटमध्ये 43-44 अंशांचाही सापडतो. कंपनीच्या तक्त्यात सेटचे नाव शोधा आणि आकडा लिहून ठेवा. दोन वेजमध्ये 4 ते 6 अंशांचे अंतर असावे. पिचिंग वेज 44 चा आणि पुढचा एकदम 56 चा असेल, तर मधल्या अंतराचा प्रत्येक फटका अर्धवट ताकदीने मारावा लागतो आणि नवीन माणसाला नेमके तेच जमत नाही. बॅगेत 14 हून जास्त क्लब ठेवता येत नाहीत हा नियम आहे, पण शिकणाऱ्याला त्याची अडचण सहसा येत नाही.

दुसरी पायरी: तुमचा क्लब जमिनीत किती शिरतो

ही पायरी घाईने उरकू नका. सगळी निवड हिच्यावर उभी आहे.

प्रॅक्टिस रेंजवरच्या हिरव्या मॅटवर हे कळत नाही. मॅटवर क्लब चेंडूच्या मागे तीन इंच पडला तरी घसरत येऊन चेंडूला लागतो आणि फटका बरा वाटतो. गवतावर तोच फटका मातीत अडकला असता. म्हणून मॅटवर चाचणी घेऊन वेज निवडू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो.

आपल्याकडे याला सुंदर पर्याय आहे तो समुद्रकिनारा. सकाळी लवकर, ओहोटीच्या वेळी, माणसे नसलेल्या जागी जा. पाणी नुकतेच ओसरले आहे अशी ओली, दाबली तरी पाय न बुडणारी वाळू निवडा. काठीने एक लांब सरळ रेघ ओढा. ही रेघ म्हणजे चेंडू. रेघ दोन्ही पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता पिचिंग वेजने अर्धा स्विंग करा. एक पाऊल सरका, पुन्हा करा. असे दहा वेळा. मग मागे होऊन खुणा पाहा.

खूण रेघेच्या आधीच सुरू होते की रेघेवर किंवा पुढे? आणि खोली किती? वाटीसारखा खड्डा पडत असेल तर तुमचा क्लब वरून तिरका खाली येतो. अशा खेळाडूला खणणारा म्हणतात. नुसता पातळ ओरखडा उठत असेल, किंवा कधी कधी वाळूला स्पर्शच होत नसेल, तर तुमचा क्लब जमिनीलगत सपाट येतो. तो झाडणारा. दहा खुणा दहा प्रकारच्या असतील तर घाबरू नका, नवख्यांच्या खुणा तशाच असतात. तेही एक उत्तरच आहे आणि त्याचा उपयोग पुढे होईल.

मग वर जाऊन कोरड्या, भुसभुशीत वाळूत तेच करा. बंकरमध्ये काय होणार याचा अंदाज इथे येतो.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगतो. आगोंद, गालजीबाग, मोरजी आणि मांद्रे हे किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंडी घालण्याचे आहेत. तिथे वाळू उकरायची नाही, क्लबने तर नाहीच. आणि किनाऱ्यावर कुठेही खरा चेंडू मारू नका. सकाळी जाळी ओढणारे रापणकार असतात, फिरायला आलेली म्हातारी माणसे असतात. रेघ पुरेशी आहे.

तिसरी पायरी: फटक्याच्या क्षणी हात कुठे असतात

मोबाइल कमरेइतक्या उंचीवर, तुमच्या छातीसमोर ठेवा आणि संथ गतीने चित्रीकरण करा. चेंडूला क्लब लागतो त्या क्षणी थांबवून पाहा. शाफ्ट सरळ उभा आहे, की मूठ चेंडूच्या पुढे गेली आहे?

शाफ्ट जितके अंश पुढे झुकतो तितके अंश लॉफ्टमधूनही कमी होतात आणि बाउन्समधूनही. तुमच्या हातात 56 लॉफ्टचा आणि 10 बाउन्सचा वेज आहे आणि हात 6 अंश पुढे आहेत, तर चेंडूला लागतो तो प्रत्यक्षात 50 लॉफ्टचा, 4 बाउन्सचा क्लब. म्हणूनच ‘हात पुढे, चेंडू मागच्या पायाजवळ’ असे शिकवलेल्या लोकांचा वेज सारखा मातीत अडकतो. त्यांनी एक तर जास्त बाउन्सचा वेज घ्यावा, नाही तर चेंडू थोडा मध्याकडे आणावा. माझ्या मते दोन्ही करावे.

चौथी पायरी: जमीन ओळखा, आणि महिना बघा

गोव्यात गोल्फचे कोर्स मोजकेच आहेत आणि बहुतेक हॉटेलांना जोडलेले. राजबागेला समुद्र आणि तळपण नदी यांच्या बेचक्यात 9 होलचा कोर्स आहे. बाणावली आणि मोबोरकडे छोट्या अंतराचे, मुख्यतः वेजनेच खेळायचे कोर्स बांधले गेले. बाहेरच्या माणसाला खेळू देतात का, हे आधी फोन करून विचारावे. नवख्याने छोट्या कोर्सला कमी लेखू नये. वेज शिकायला त्यापेक्षा चांगली जागा नाही.

किनारपट्टीच्या कोर्सखाली वाळू असते, पाणी लवकर निचरते. आत फोंडा-सांग्याच्या बाजूला जांभ्याचा कातळ आणि लाल माती. घरामागच्या मोकळ्या जागेत सराव करत असाल तर ही माती तुम्हाला लागणार: पावसात लोण्यासारखी, मार्चनंतर विटेसारखी.

गवताचे नाव ऐकून घाबरू नका. गोल्फमध्ये ज्याला बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिची धावती खोडे जमिनीला चिकटून जाळे विणतात. गवताचा कल तुमच्याकडे असेल तर चिप, म्हणजे ग्रीनजवळचा छोटा फटका, मारताना धार त्या जाळ्यात अडकते आणि फटका मध्येच मरतो. हा अनुभव तुम्हाला येणारच. इथे थोडा बाउन्स असलेला सोल जाळ्यावरून घसरतो आणि तुम्हाला वाचवतो.

ऋतूंचे म्हणाल तर गोव्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या काळात जमीन मऊ, गवत दाट. 10 ते 14 बाउन्स सुखाचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मध्यम. मार्चपासून फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा, टणक होऊ लागतो, मे महिन्यात कुठे कुठे गवत उडून नुसती जमीन उरते. तिथे 12-14 बाउन्सचा वेज तोंड उघडून मारायला गेलात तर सोल जमिनीवरून उसळतो. आधी सांगितलेला अपवाद तो हा. त्यावर उपाय दुसरा वेज नव्हे. टणक जमिनीवर तोंड उघडू नका, कमी लॉफ्टचा क्लब घ्या आणि चेंडू जमिनीलगत पळवा. नवख्याला तेच जास्त जमते.

पाचवी पायरी: जुळवाजुळव

आता तिन्ही उत्तरे शेजारी ठेवा: खूण, हात, जमीन.

खणणारा असाल, हात पुढे जात असतील, मऊ वाळूवर खेळत असाल तर सँड वेज 12 ते 14 बाउन्सचा आणि रुंद सोलचा. झाडणारा असाल आणि बहुतेक खेळ उन्हाळ्यातल्या टणक जमिनीवर होत असेल तर 8 ते 10. खुणा दहा प्रकारच्या असतील तर 10 ते 12. हा आकडा चुकीला सांभाळून घेतो आणि स्विंग पुढे ज्या दिशेने सुधारेल त्या दिशेला फारसा आड येत नाही.

8 च्या खालचा सँड वेज गोव्यातल्या कोणत्याही नवख्याला मी सुचवणार नाही, झाडणाऱ्यालासुद्धा. कारण बंकरमध्ये आपण चेंडूला मारतच नाही. चेंडूच्या मागे दोन इंच वाळूत क्लब उतरवतो आणि वाळूच चेंडूला उचलून बाहेर फेकते. किनाऱ्याच्या बारीक वाळूत तिथे बाउन्स नसला तर क्लब बाहेरच येत नाही.

पिचिंग वेज 44-45 चा असेल तर 50 आणि 56 असे दोन वेज छान बसतात. पैसे एकाचेच असतील तर 54 ते 56 च्या मधला एक घ्या. दोन घेणार असाल तर दोघांचा बाउन्स सारखा ठेवू नका. 50 ला 8 आणि 56 ला 12, असे केले की टणक दिवसासाठी एक आणि वाळूसाठी एक हाताशी राहतो.

आणि 60 अंशांचा? तो आत्ता नको. 1980 च्या दशकात टॉम काइट हा वेज स्पर्धांमध्ये वापरू लागलेल्या पहिल्या नामवंत खेळाडूंपैकी एक होता. पण त्याच्या हाताखाली हजारो तासांचा सराव होता. 60 ने चेंडू वर जातो तेवढा पुढे जात नाही. थोडी चूक झाली की क्लब चेंडूच्या खालून निघून जातो. 56 ने बंकरमधून दहापैकी सात वेळा बाहेर येऊ लागलात की मग विचार करा.

सहावी पायरी: आकड्याच्या पलीकडचा सोल

बाउन्सचा आकडा सगळे सांगत नाही. अरुंद सोलचा 10 अंशांचा वेज हा रुंद सोलच्या 8 अंशांच्या वेजपेक्षा जास्त खणू शकतो. बोट सोलवरून पुढून मागे फिरवा. गोलाई जाणवली तर तो जमिनीतून सहज निघेल. टाचेकडचा आणि मागचा भाग घासून कमी केलेला असेल तर त्याला ग्राइंड म्हणतात. तोंड उघडून खेळणाऱ्यांसाठी तो असतो, म्हणजे उघडल्यावर धार फार वर जाऊ नये. वोकीसारखे ब्रँड ग्राइंडला एफ, एस, एम, डी अशी अक्षरे देतात आणि एकाच 56 अंशांच्या वेजमध्ये 8, 10, 12 आणि 14 बाउन्सचे पर्याय ठेवतात. नवख्याने पूर्ण रुंदीचा किंवा थोडासाच घासलेला सोल घ्यावा. फार घासलेला ग्राइंड कुशल हातांसाठी आहे.

सातवी पायरी: खरेदी

माझ्या ओळखीतले बहुतेक जण मुंबई, पुणे, बेंगळुरूहून आणतात किंवा ऑनलाइन मागवतात. ऑनलाइन घेताना ‘56 अंश सँड वेज’ एवढ्यावर पैसे भरू नका. बाउन्सचा आकडा लिहिलेला नसेल तर विक्रेत्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. 56.10 असे कोरलेले असेल तर पहिला आकडा लॉफ्टचा, दुसरा बाउन्सचा.

वापरलेला वेज घ्यायला हरकत नाही, मीही घेतो. फक्त तोंडावरच्या खाचांवरून नख फिरवून पाहा. नख अडकले पाहिजे. गुळगुळीत लागले तर चेंडूला फिरकी मिळणार नाही. आणि आधीच्या मालकाने लॉफ्ट वाकवून घेतला होता का, हे विचारा. लॉफ्ट 2 अंश कमी केला की बाउन्सही 2 अंशांनी घटतो, पण क्लबवर कोरलेला आकडा तोच राहतो.

डावखुऱ्यांना पर्याय कमी मिळतात. त्यांनी ग्राइंडच्या मागे न लागता लॉफ्ट आणि बाउन्स जुळला की घेऊन टाकावा. शाफ्ट आपल्या आयर्नच्या सेटशी मिळताजुळता असला की पुरे.

आठवी पायरी: नव्या वेजची ओळख आणि निगा

वेज आला की सोलवर पुढून मागे अशा मार्करने चार-पाच रेघा मारा आणि गवतावरून वीस चिप मारा. रेघा धारेजवळ पुसल्या गेल्या तर तुम्ही अजून खणताय, हात थोडे मागे आणा. मध्यावर पुसल्या तर वेज तुम्हाला जुळला. मागच्या कडेलाच पुसल्या तर वजन मागच्या पायावर राहते आहे, ते आधी सुधारा. वेज बदलायची घाई करू नका.

बंकरमध्ये पहिल्यांदा उतराल तेव्हा तोंड थोडे उघडा आणि मगच ग्रिप धरा. ग्रिप धरून मनगट वळवू नका, फटक्यात ते परत बंद होते. वाळूला क्लब चेंडूच्या लगेच मागे किंवा पुढे टेकवायचा नाही, सरावाच्या स्विंगमध्येही वाळूला स्पर्श करायचा नाही. तसे केल्यास दंड बसतो.

निगेबद्दल एवढेच, पण तेवढे करा. आपल्याकडची हवा खारट. मुलामा नसलेले कच्च्या फिनिशचे वेज इथे एका पावसाळ्यात तांबूस होतात. तो गंज खेळाला फारसे बिघडवत नाही, पण खाचांत साचलेली वाळू आणि मीठ त्यांची कड खातात. किनाऱ्यावर सराव केला असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, जुन्या टूथब्रशने खाचा साफ करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात क्लब बॅगेत कोंडून ठेवू नका, ग्रिपवर बुरशी चढते. घरात पंख्याखाली भिंतीला टेकवून उभे करून ठेवा आणि बॅगेची तोंडे उघडी राहू द्या.